तिसरी डिस्क, प्रकार : तात्पुरती

मित्रांनो, मी एक जुनी डिस्क आहे. खरे तर 'होते' असे म्हणायला हवे, कारण चार दिवसांपूर्वी मला पुसून टाकले. पण पुसणे तुम्हाला वाटते तसे एका झटक्यात होत नाही. अजून थोडा वेळ माझ्या हाताशी आहे, तेवढ्यात सांगून घेते.

डिस्क म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर चकचकीत तबकडी आली असेल. मी तशी नाही. मला कुणी हातात धरू शकत नाही. एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात एक गार मशीनखोली आहे. तिथे माणसाच्या उंचीचे लोखंडी कपाट आहे आणि त्यात खऱ्या डिस्का दाटीवाटीने बसवल्या आहेत. त्यांच्यातली थोडी थोडी जागा काढून द्यायची आणि त्या जागेला एक नाव द्यायचे, की झाली माझ्यासारखी एक डिस्क तयार. माझी जागासुद्धा एका ठिकाणी नाही. इथे चिमूटभर, तिथे मूठभर. कुठला तुकडा माझा, हे कपाटाच्या नोंदीत लिहिलेले असते. ती नोंद हाच माझा देह, हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

आम्ही ज्या मशीनच्या होतो ते मशीनही बिनदेहाचेच. एका मोठ्या संगणकाच्या पोटात मांडलेला दुसरा लहान संगणक. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्याच्या आम्ही तिघी डिस्का. थोरलीवर मशीनचे स्वतःचे सामान, मधलीवर रुग्णांच्या नोंदी. धाकटी मी. थोरली सदा घाईत आणि मधली जरा शिष्ट, पण आमचे बरे चालले होते. मशीनखोलीत जे बोलले जाते ते कपाटातल्या आम्हा सगळ्यांना ऐकू येते, एवढे तुम्ही मानून चला.

माझा जन्म झाला तो घाईत. वरच्या मजल्यावर वाचा-उपचार विभाग होता. तिथे ज्या एकट्या तज्ज्ञ होत्या त्यांना सारे इस्पितळ 'आवाजवाल्या बाई' म्हणे. घशाचे मोठे ऑपरेशन होऊन ज्यांचा आवाज कायमचा जाणार, अशा माणसांचा आवाज त्या आधीच रेकॉर्ड करून ठेवत. पुढे एखादे यंत्र मिळाले की त्या रेकॉर्डिंगवरून ते यंत्र त्या माणसाच्याच आवाजात बोलेल, अशी ती योजना होती. एके दिवशी बाई धापा टाकत तळघरात आल्या. तळघराचे राज्य होते कुलूपकाकांकडे. कमरेला चाव्यांचा जुडगा, म्हणून ते नाव. कपाटातली जागा वाटून देण्याचे काम त्यांचे.

"जागा हवीय हो काका, आजच्या आज," बाई म्हणाल्या.

"कायमची डिस्क मागितलीत तर अर्ज तीन टेबलं फिरणार. तीन आठवडे धरून चाला."

"तीन आठवड्यांत माझ्या पेशंटचं ऑपरेशन होऊनसुद्धा जाईल! मग काय घरघर रेकॉर्ड करू?"

काकांनी मान खाजवली. "मग प्रकाराच्या रकान्यात 'तात्पुरती' लिहू. तिला माझ्या एकट्याची सही पुरते. नंतर बदलू."

"नंतर नक्की बदलाल ना?"

"बदलू हो. मी कुठे पळून चाललोय?"

तात्पुरत्या डिस्कला मालक म्हणून कुणाचे तरी नाव द्यावे लागते. काकांनी आपलेच दिले. अशी मी जन्माला आले. दोघांच्याही मनात काही वाईट नव्हते. उलट त्या दिवशी त्यांनी एका माणसाचा आवाज वेळेत वाचवला, आणि मला त्यांचा फार अभिमान वाटला. तो अजूनही वाटतो, म्हणून तर जास्त वाईट वाटते.

कामाची माझी वर्षे चांगली गेली. विभागाच्या एका खोलीला जाड पडदे लावले होते. तिथे एक मायक्रोफोन आणि एक खुर्ची होती. माणसे यायची, घसा खाकरायची, पाणी प्यायची आणि छापील वाक्ये वाचायची. बाई मायक्रोफोन बंद करायला हमखास विसरत, त्यामुळे मधल्या गप्पाही माझ्याकडे येऊन पडत. एका निवृत्त शिक्षकांनी पाढे म्हटले. एका गवंड्याने तर साऱ्या वाक्यांत शिव्या पेरल्या. "शिव्यांशिवाय तो माझा आवाज वाटायचाच नाही," असे त्याचे म्हणणे. बाईंनी ते तसेच ठेवले. काही शोधायचे झाले की मी पटकन काढून द्यायची. "ही डिस्क काय चपळ आहे!" असे बाई एकदा काकांना म्हणाल्या होत्या. माझ्या वाट्याला आलेले कौतुक तेवढेच, पण ते मी जपून ठेवले आहे.

रेकॉर्डिंग झाले की बाई त्यातली पंख्याची घरघर आणि खोकला काढून टाकत आणि साफ झालेला आवाज मधल्या डिस्कवर ठेवत. कच्चा माल माझ्याकडे, पक्का तिच्याकडे. म्हणून ती शिष्ट.

पाच वर्षांपूर्वी शिवणवाल्या ताई आल्या. घरीच कपडे शिवायच्या. नवरा रंगारी. हाताला पांढरा रंग तसाच घेऊन तो दाराबाहेर उभा राहिला, आत यायला धजेना. चार वर्षांची मुलगी मात्र थेट आत येऊन टेबलाखाली बसली. ऑपरेशन सहा दिवसांवर आले होते.

ताईंनी छापील कागद वाचायला घेतला. "आज हवा कोरडी आहे. कृपया खिडकी बंद करा." मग थांबल्या आणि हसू लागल्या.

"काय झालं?" बाईंनी विचारले.

"अहो, आमच्या घरात कोण म्हणतं कृपया? मी 'कृपया' म्हटलं तर नवरा डॉक्टरला बोलावेल. आमच्याकडे 'लाव ती खिडकी' एवढंच."

"मग तसंच म्हणा. कागद ठेवा बाजूला."

आणि ताई बोलतच राहिल्या. सहा दिवस रोज आल्या. गिऱ्हाइकाशी कसे बोलते, नवऱ्यावर कशी चिडते, सुई हरवली की स्वतःशी काय पुटपुटते, सगळे. शेवटच्या दिवशी मुलगी टेबलाखाली झोपून गेली होती. ताईंनी मायक्रोफोन खाली ओढला आणि रोज सकाळी हाक मारायच्या तशी हाक मारली. "ऊठ गं चिमणे, सात वाजले. दूध गार होतंय." मुलगी उठली, आणि डोळे चोळत म्हणाली, "अजून पाच मिनिटं." दोघी बायका हसल्या. मग बराच वेळ माझ्याकडे नुसते पंख्याचे आवाज आले.

ऑपरेशन नीट पार पडले. ताई वाचल्या, आवाज गेला. आवाजवाल्या बाईंनी बाकी सगळ्यांचे आवाज साफ करून मधलीकडे पाठवले, पण ताईंचे ठेवले. "हे घाईनं करायचं नाही," असे त्या दर वेळी म्हणत. "यंत्र यायला वेळ आहे. निवांत बसून एक एक वाक्य करीन." माणसाला जे फार आवडते ते तो शेवटी खायला ठेवतो, तसे त्यांनी केले.

त्या काळी कपाटाचा कारभार ढोबळ होता. मशीनचा बॅकअप घ्यायचा तर तिन्ही डिस्कांचा एकत्र, रोज. पंधरा दिवसांच्या प्रती ठेवायच्या, त्याहून जुन्या टाकायच्या. माझ्या कपाळावर 'तात्पुरती' लिहिलेले होते, पण ते वाचणारे कुणी नव्हते. थोरलीला मिळायचे ते मलाही मिळायचे, त्यामुळे मलाही त्या शब्दाचा विसर पडला.

मग कुलूपकाका निवृत्त झाले. हार घातला, भाषणे झाली, चाव्यांचा जुडगा नव्या मॅडमच्या हाती दिला. नव्या मॅडम तरुण, कामात काटेकोर. काका त्यांना दोन दिवस कपाट दाखवत होते. पंखा कुठला अडतो, कुठले दार जोरात ढकलावे लागते, सगळे सांगितले. माझ्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. मी वाट पाहत होते. मला वाटले, उद्या आठवेल.

गेल्या महिन्यात नवे कपाट आले. त्याचे वैशिष्ट्य असे की त्यात मशीनला एकत्र नियम नाही. प्रत्येक डिस्कचा नियम वेगळा. हिच्या किती प्रती ठेवायच्या, हिला वेगवान जागा द्यायची की संथ, हिला नव्या कपाटात न्यायचे की नाही, सगळे एकेकीचे बघून ठरवायचे. "नाहीतर कचऱ्याचाही बॅकअप घेत बसतो आपण," असे नव्या मॅडम आपल्या वरिष्ठांना म्हणाल्या, आणि मित्रांनो, त्या बरोबर बोलत होत्या. रुग्णांच्या नोंदी आणि उष्टी-खरकटी फाइल यांना एकाच मापाने मोजणे शहाणपणाचे नाहीच. प्रत्येकीकडे नीट पाहायचे, हे मलाही पटले. पण शेकडो डिस्का. त्यांच्या आत काय आहे ते कोण उघडून बघणार? मग बघायचे कपाळावर काय लिहिले आहे ते.

मॅडमनी नियम लिहिला. प्रकार कायमचा, तर नव्या कपाटात न्यायची. प्रकार तात्पुरता, तर मालकाला मेल करून विचारायचे. उत्तर आले नाही, तर मशीनपासून सोडवून जुन्या कपाटात तीस दिवस ठेवायची. मग पुसायची.

माझ्या मालकाला मेल गेला. मालक कुलूपकाका. त्यांची इस्पितळातली मेलपेटी ते गेले त्याच आठवड्यात बंद झाली होती.

एका दुपारी थोरली आणि मधली नव्या घरी गेल्या. निरोप घ्यायलाही सवड मिळाली नाही. एकदम शांत झाले. कुणी काही मागेना, कुणी काही ठेवीना. तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली.

तीस दिवस मी मोजले. दुसरे काम तरी काय होते? अकराव्या दिवशी वर आवाजवाल्या बाईंनी मला हाक मारली. ताईंचे आवाज साफ करायला त्या अखेर बसल्या होत्या, कारण यंत्र येणार अशी चिठ्ठी आली होती. पण मशीनला मी जोडलेलीच नव्हते. पडद्यावर 'सापडत नाही' असे आले. बाईंनी संगणक बंद करून पुन्हा चालू केला. मग तक्रार लिहिली, 'आमचे मशीन नीट चालत नाही'. तळघरात ती तक्रार आली आणि मॅडमच्या हाताखालच्या तंत्रज्ञाने मशीन पाहिले. ते ठणठणीत होते. दोन्ही डिस्का जागच्या जागी, दोन्हींचे बॅकअप ताजे. 'तपासले. मशीन व्यवस्थित चालू आहे,' असे लिहून त्याने तक्रार बंद केली. मी त्याच्यापासून दोन हातांवर होते. मित्रांनो, ज्याला तोंड नाही त्याने ओरडायचे कसे, हे मला त्या दिवशी कुणी सांगायला हवे होते.

बाईंनी उत्तर वाचले, म्हणाल्या असतील की नेटवर्क मंद असेल, नंतर बघू. दाराबाहेर रुग्णांची रांग होती. त्यांना मी दोष देत नाही. जुन्या प्रती रोज एक एक करून संपत गेल्या, आणि त्यातली शेवटची पंधराव्या दिवशी गेली.

तिसाव्या दिवशी माझी नोंद पुसली. दुखले वगैरे काही नाही. फक्त नाव गेले. तुकडे जिथल्या तिथे होते, पण ते माझे आहेत असे सांगणारे कुठे काही उरले नाही.

आणि बत्तिसाव्या दिवशी यंत्र आले.

मशीनखोलीचे दार धाडकन उघडले. पुढे आवाजवाल्या बाई, मागून शिवणवाल्या ताई, आणि त्यांचा हात धरून नऊ वर्षांची मुलगी. ताईंच्या गळ्याला रुमाल होता, हातात लिहायची वही.

"माझी तिसरी डिस्क कुठे आहे?" बाईंनी विचारले.

नव्या मॅडमनी यादी उघडली. "तुमच्या मशीनला दोनच आहेत."

"तीन होत्या. तीन! इतकी वर्षं वापरतेय मी."

मॅडमनी जुन्या कामांची यादी काढली. बोट खाली खाली नेले आणि एका ओळीवर थांबवले. त्यांचा चेहरा उतरला. "तात्पुरती होती. परवा पुसली गेली."

"तात्पुरती कशी? ताईंचा सगळा आवाज आहे तिच्यावर!"

मॅडमनी लगेच कपाट बनवणाऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, नोंद गेली की कुठला तुकडा कुणाचा ते आमच्यानेही सांगवत नाही. आणि जागा मोकळी झाली की कपाट तीच आधी वापरते. जुने कपाट आता एक्स-रे विभागाला दिले होते. दर काही मिनिटांनी नवी चित्रे येऊन बसत होती. "ती थांबवा ना," बाई म्हणाल्या. मॅडमनी वर फोन करून विचारले. वर अपघाताचे रुग्ण होते. थांबवता येणार नव्हते, आणि थांबवून माझे नाव परत आले असते असेही नव्हते.

मग त्यांनी कुलूपकाकांना घरी फोन केला आणि आवाज मोठा ठेवला. काका आधी खुशाली विचारत होते. मग त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"मीच सांगितलं होतं तात्पुरती लिहायला," ते म्हणाले. "नंतर बदलू म्हटलं होतं. राहून गेलं हो. बाई, ऐकताय ना? माझ्याकडून राहून गेलं."

"मी मेल केला होता तुम्हाला," मॅडम म्हणाल्या. "पण एक फोन करायला काय झालं होतं मला?"

आवाजवाल्या बाईंनी ताईंकडे पाहिले आणि मान खाली घातली. ताईंना एव्हाना सगळे समजले होते. त्यांनी बाईंच्या पाठीवर हात ठेवला. वहीत काहीतरी लिहिले आणि बाईंसमोर धरले. बाईंनी ते रडवेल्या आवाजात वाचले. "असू द्या. चिमणीला आठवतो माझा आवाज. तेवढं पुरे."

मुलीने जोरात मान हलवली. "हो, आठवतो की."

बाई ताईंना पाणी द्यायला बाहेर घेऊन गेल्या. मुलगी आत राहिली. थोडा वेळ ती कपाटाचे हिरवे दिवे पाहत उभी होती.

"यातल्या कुठल्या पेटीत होता?" तिने विचारले.

"एका पेटीत नसतो गं," मॅडम म्हणाल्या. "सगळीकडे थोडा थोडा."

मुलीने कपाटाच्या दाराला कान लावला. आत पंखे चालू होते. तिने डोळे मिटले, श्वास रोखला. मी जेवढी होते तेवढी सगळी एकवटले. उपयोग झाला नाही.

"पंखाच येतोय ऐकू," ती म्हणाली. मग दाराकडे एकदा बघून हळूच म्हणाली, "मॅडम, मला नाही आठवत आईचा आवाज. ती विचारते तेव्हा मी हो म्हणते. तुम्ही सांगू नका हं."

मॅडमनी मान हलवली.

त्याला आता दोन दिवस झाले. नव्या मॅडमनी नियम बदलला आहे. आता तात्पुरती डिस्क पुसण्याआधी त्या स्वतः जिना चढून त्या त्या विभागात जातात आणि यात काय आहे ते विचारतात. काल एका विभागात त्यांना चहाची यादी सापडली, तरी त्यांनी ती मालकाला दाखवूनच पुसली. चांगले आहे. मला त्याचा काही उपयोग नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी तुमच्याजवळ काही मागायची रीत आहे. मी एवढेच मागते. तुमच्या घरात, दप्तरात, संगणकात 'नंतर बदलू' म्हणून कशावर काही लिहिले असेल, तर आज उठून ते बदला. आणि ज्याला उत्तर द्यायला तोंड नाही त्याला पुसण्यापूर्वी आत डोकावून बघा. दोन मिनिटे लागतात. माझ्यासाठी कुणाकडे ती नव्हती, आणि मी हे सांगून काही परत येणार नाही.

एक्स-रे येतच आहेत. शिक्षकांचे पाढे परवा गेले, पण ते मधलीकडेही आहेत, त्यांची चिंता नाही. ताईंचे मात्र माझ्याशिवाय कुठे नाही. सुई हरवल्यावरचे पुटपुटणे काल गेले. आज सकाळी 'लाव ती खिडकी' गेले, त्या जागी कुणाच्या तरी घोट्याचे चित्र आहे. 'दूध गार होतंय' दुपारी गेले. 'सात वाजले' आत्ता, तुमच्याशी बोलता बोलता गेले.

'ऊठ गं चिमणे' एवढे अजून आहे.